गाडीच्या धडकेत शरीराला नेमकं काय होतं: क्रॅश इन्जुरी बायोमेकॅनिक्सच्या ट्रेनिंगबद्दल सारखे येणारे प्रश्न

ट्रेनिंगला नाव द्यायच्या आधी, ट्रेनिंग चालू असताना आणि संपल्यावर सुद्धा लोक जे विचारत राहतात ते इथे एका जागी केलंय. प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत ठेवलेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय, म्हणजे तेच तेच परत वाचायला नको.

१. बायोमेकॅनिक्स म्हणजे अपघात कसा झाला ते शोधणंच ना? मग वेगळं ट्रेनिंग कशाला?

अपघात कसा झाला, कोण कुठून आलं, स्पीड किती होता, ब्रेक कधी लागला हे रिकन्स्ट्रक्शनवाले काढतात. त्यांचं उत्तर जिथे संपतं तिथून आपलं काम सुरू होतं. गाडीला अमुक दिशेने एवढा धक्का बसला, मग आतला माणूस कुठे सरकला, कशावर आपटला, आणि त्या आपटण्यातून हीच जखम होऊ शकते का.

एका अपघातात खरं तर तीन धडका होतात. पहिली गाडीची, समोरच्या गाडीवर किंवा झाडावर. दुसरी माणसाची, डॅशबोर्डवर, स्टिअरिंगवर नाहीतर बेल्टमध्ये. तिसरी शरीराच्या आत, म्हणजे मेंदू कवटीवर आणि हृदय छातीच्या पिंजऱ्यात. पहिली गॅरेजमध्ये दिसते, तिसरी सीटी स्कॅनमध्ये दिसते, आणि मधली कोणीच बघितलेली नसते, कारण ती सेकंदाच्या दहाव्या भागात होऊन गेलेली असते. हे सगळं ट्रेनिंग त्या मधल्या धडकेबद्दल आहे.

२. मी डॉक्टर आहे / इंजिनिअर आहे / पोलीस तपासात आहे / क्लेम बघतो. माझ्यासाठी आहे का?

हो, सगळ्यांसाठी, आणि वर्गात हे सगळे एकत्र असले तर जास्त मजा येते. डॉक्टरला जखम कळते पण गाडीकडे बघायची सवय नसते, इंजिनिअरला गाडी कळते पण बरगडी एका जागी तुटली आणि दोन जागी तुटली यातला फरक त्याच्या डोळ्यात भरत नाही, तपास अधिकाऱ्याने जागा स्वतः बघितलेली असते जी बाकी दोघांनी बघितलेली नसते. म्हणून शक्यतो तिघांना एका टेबलावर बसवतो. वकील आले तरी चालतं, फक्त त्यांनी आधी १६ नंबर वाचावा.

३. गणित सोडून वीस वर्षं झाली. जमेल का?

जमेल. शाळेतलं एक सूत्र पक्कं पाहिजे: वेगाचा वर्ग बरोबर दोन गुणिले मंदन (वेग किती झपाट्याने कमी झाला) गुणिले थांबण्याचं अंतर. बस, यावर पहिला अख्खा दिवस निघतो.

करून बघा. गाडी ताशी ५० किमीने भिंतीवर आदळली, म्हणजे सेकंदाला साधारण १३.९ मीटर. पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला. बेल्ट लावलेला माणूस गाडीसोबतच थांबतो, त्याला ते ६० सेंटिमीटर वापरायला मिळतात, सरासरी मंदन येतं साधारण १६ जी (एक जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण). बेल्ट नसलेला माणूस गाडी थांबत असताना त्याच जुन्या वेगाने पुढे जात राहतो आणि डॅशबोर्डवर जाऊन ५ सेंटिमीटरमध्ये थांबतो, त्याचा हिशोब येतो जवळजवळ २०० जी. गाडी तीच, वेग तोच, भिंत तीच. फरक फक्त थांबायला किती जागा मिळाली याचा. हा आकडा स्वतःच्या हाताने काढला की लोक पेन खाली ठेवून गप्प बसतात, मी दर बॅचला बघतो.

४. सगळे डेल्टा-व्ही डेल्टा-व्ही करतात, सरळ स्पीड का सांगत नाहीत?

कारण शरीराला स्पीड कळत नाही, स्पीडमधला बदल कळतो. डेल्टा-व्ही म्हणजे धडकेच्या त्या क्षणभरात गाडीचा वेग कितीने बदलला. ताशी ८० ने जाणारी गाडी कठड्याला घासत घासत थांबली तर माणूस चालत बाहेर येतो, आणि सिग्नलला उभी असलेली गाडी, जिचा स्पीड शून्य होता, तिला मागून ट्रकने ठोकलं तर आतल्याचे हाल होतात.

वजनाचं पण बघा. १००० किलोची छोटी गाडी आणि २००० किलोची मोठी गाडी, दोघी ताशी ५० ने समोरासमोर आल्या आणि एकमेकीत अडकल्या. संवेगाचा हिशोब केला तर छोटीचा डेल्टा-व्ही येतो साधारण ६७ आणि मोठीचा ३३. दोघांचा स्पीड एकच होता, पण छोट्या गाडीतल्याने दुप्पट भोगलं. त्यामुळे "दोघं पन्नासनेच चालले होते, मग यालाच एवढं कसं लागलं" हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर इथे आहे.

डेल्टा-व्ही किती वेळात झाला हेही तेवढंच महत्त्वाचं, त्याला क्रॅश पल्स म्हणतात, आणि समोरच्या धडकेत तो बहुतेक वेळा १०० ते १५० मिलिसेकंदांचा असतो.

५. ट्रेनिंगमध्ये प्रत्यक्ष हाताने काय करतात, की नुसत्या स्लाइड्स?

स्लाइड्स आहेत पण निम्मा वेळ गाडीत जातो, ठोकलेल्या गाडीत, गुडघे टेकून, टॉर्च घेऊन.

एक बेल्टचं सांगतो, कारण यावरच सगळ्यात जास्त चुका होतात. बेल्ट लावला होता का हे जबाबावर ठरवायचं नाही. खांद्याच्या वर बेल्ट जिथून वळतो ती प्लास्टिकची कडी असते, धडकेत माणसाचं वजन बेल्टवर आलं की पट्टा त्या कडीवरून एवढ्या जोरात घासतो की प्लास्टिक वितळून पट्ट्यावर एक चकचकीत, कडक झालेली रेघ उठते. नखाने चाचपली तर कळते. कडीवर पण तिरके ओरखडे दिसतात. तसंच बकलमध्ये जाणाऱ्या जिभेवर. प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेत पट्टा झटक्यात आवळणारा भाग, उडालेला असेल तर पट्टा किती बाहेर असताना लॉक झालाय ते मोजा. पूर्ण आत गुंडाळलेल्या अवस्थेत लॉक असेल तर तो लावलेला नव्हता, आणि बाहेर असताना लॉक असेल तर ती लांबी त्या माणसाच्या आकाराशी जुळते का ते बघा.

मग गुडघ्याच्या पातळीला डॅशबोर्डचा खालचा भाग, तिथे गोल चेप किंवा कापडाचा ठसा. मग काच, पिलर, हेडरेस्टची उंची, सीटची पाठ किती मागे वाकलीय, सीट रुळावर कुठे आहे. प्रत्येक खुणेचा फोटो पट्टी ठेवून. दुपारी त्याच केसचे एक्सरे आणि जखमांची यादी देतो आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायला लावतो. डॅशबोर्डवरची चेप आणि खुब्याच्या वाटीच्या मागच्या कडेचं फ्रॅक्चर एका रेषेत आलं की वर्गात कोणीतरी "अच्छा!" म्हणतंच. गुडघा आपटला, जोर मांडीच्या हाडातून मागे गेला आणि खुबा मागच्या बाजूला निखळला, असा तो रस्ता असतो. पाय आतल्या बाजूला झुकलेला असेल तर नुसता सांधा निखळायची शक्यता जास्त, पाय बाहेर असेल तर सोबत फ्रॅक्चर.

६. मेडिकलचं किती यायला पाहिजे? एआयएस आणि आयएसएस पाठ करावं लागतं का?

पाठ नाही, पण वाचता आलं पाहिजे. एआयएस ही प्रत्येक जखमेला १ ते ६ आकडा देणारी पद्धत, १९७१ मध्ये पहिल्यांदा आली, १ म्हणजे किरकोळ आणि ६ म्हणजे जवळजवळ वाचणं शक्य नाही अशी. लक्षात ठेवा, तो आकडा जखमेचा असतो, माणसाचा नाही. बरा झाला का, अपंगत्व आलं का, हे त्यात नसतं.

आयएसएस १९७४ मधला, तो माणसाचा आकडा. शरीराच्या तीन वेगळ्या भागांतल्या सगळ्यात वाईट जखमा घ्यायच्या, त्यांच्या एआयएसचा वर्ग करायचा आणि बेरीज. छाती ४, मांडी ३, डोकं २ तर १६ अधिक ९ अधिक ४ बरोबर २९. १५ च्या वर गेलं की मोठा ट्रॉमा धरतात. कमाल ७५, आणि एक जरी जखम ६ ची असेल तर आयएसएस सरळ ७५ च लिहितात. याची एक खोड आहे: एकाच भागात दोन भयंकर जखमा असल्या तर एकच मोजली जाते, त्यामुळे डोक्याच्या केसमध्ये आकडा फसवतो.

७. माणूस जास्तीत जास्त किती जी सहन करू शकतो? एक आकडा सांगा ना.

एक आकडा नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जॉन स्टॅप नावाचे अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर १० डिसेंबर १९५४ ला स्वतः रॉकेट स्लेडवर बसले, ताशी साधारण १०१७ किमी वेग गाठला आणि सव्वा ते दीड सेकंदात थांबले, ४६ जीच्या वर. डोळ्यांत रक्त उतरलं, पण जगले आणि पुढे कितीतरी वर्षं या विषयावर काम करत राहिले. १९५५ पासून त्यांच्या नावाने होणारी कॉन्फरन्स आजही या क्षेत्रातली मोठी मानतात.

आता ते का जगले हे बघा: अंगभर पट्ट्यांनी आवळलेले होते, दिशा ठरलेली होती, डोकं कशावरही आपटलं नाही, आणि माणूस तब्येतीने ठणठणीत. यातली एक गोष्ट बदला की हिशोब बदलतो. दिशा कोणती, किती वेळ, जोर केवढ्या जागेवर आला, किती झपाट्याने आला, आणि शरीर कोणाचं. म्हणून "४६ जी पर्यंत चालतं, हे तर फक्त २० जी आहे, म्हणजे जखम खोटी" असं कोणी लिहिलं असेल तर ते चूक आहे.

८. एचआयसी ७०० च्या खाली असेल तर डोक्याला काही होत नाही, बरोबर?

नाही. एचआयसी म्हणजे हेड इन्जुरी क्रायटेरियन, धडकेच्या चाचणीत गाडीत बसवलेल्या माणसाच्या पुतळ्याच्या, म्हणजे डमीच्या, डोक्यातल्या त्वरणावरून काढलेला आकडा, त्वरणाच्या सरासरीचा अडीचावा घात गुणिले वेळ, आणि जिथे तो सगळ्यात मोठा येतो ती खिडकी धरायची. अमेरिकन नियमात मध्यम पुरुष डमीसाठी १५ मिलिसेकंदांच्या खिडकीत ७०० ही मर्यादा आहे, तशीच छाती चेपण्याची ६३ मिलिमीटर आणि मांडीवरच्या जोराची १० किलोन्यूटन. या गाडी पास-नापास करायच्या रेषा आहेत. रेषेखाली धोका कमी असतो, शून्य नसतो, आणि रेषेवर गेलं म्हणजे प्रत्येकाची कवटी फुटतेच असंही नाही. खरी गोष्ट म्हणजे धोक्याचा वक्र, एवढ्या जोराला शंभरातल्या किती जणांना अमुक दर्जाची जखम होईल.

शिवाय एचआयसी फक्त सरळ रेषेतलं त्वरण बघतो, डोकं गरकन फिरलं ते त्याला दिसतच नाही. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

९. डोक्याला बाहेरून ओरखडा नाही, फ्रॅक्चर नाही, सीटी नॉर्मल, आणि पेशंट बेशुद्ध. हे कसं शक्य आहे?

एका उथळ वाटीत जेली लावा, वर रंगाच्या रेघा ओढा, आणि वाटी सरळ पुढे ढकलून थांबवा, रेघा फार हलत नाहीत. आता वाटी झटक्यात गोल फिरवून थांबवा, रेघा मधेच पिळवटतात, कडेची जेली वाटीसोबत थांबते आणि आतली अजून फिरत असते. वर्गात हे आम्ही करतोच, दोन मिनिटं लागतात आणि कोणी विसरत नाही. ऑक्सफर्डचे होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या मॉडेलवर हेच दाखवलं होतं, की मेंदू दाबला जायला चिवट आहे पण पिळला जायला फार नाजूक.

मेंदूतले लांब धागे त्या पिळात ताणले जातात, त्याला डिफ्यूज ॲक्सोनल इन्जुरी म्हणतात. सुरुवातीच्या सीटीत ती बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये जास्त दिसते. म्हणून "डोकं कुठे आपटलं ते सापडत नाही म्हणजे मेंदूला इजा नाही" असं लिहायचं नाही. डोकं किती जोरात फिरलं असेल ते बघायचं, बाजूने बसलेल्या धडकेत तर खासच.

१०. बेल्टमुळेच आतडं फाटलं असं घरचे म्हणतात. बेल्ट लावला नसता तर बरं झालं असतं का?

जखम बेल्टने झाली हे खरं असू शकतं. बेल्ट नसता तर बरं झालं असतं हे त्यातून निघत नाही. तीन नंबरचा हिशोब परत बघा, त्या वेगाला बेल्टशिवाय माणूस कशावर थांबला असता.

बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर बसायला हवा, म्हणजे पेल्व्हिसच्या पुढच्या दोन टोकांवर, हाड जोर घेतं. तो पोटावर चढला किंवा माणूस सीटवरून पुढे घसरून पट्ट्याखालून गेला की जोर आतड्यांवर आणि कण्यावर येतो. या घसरण्याला सबमरीनिंग म्हणतात. सीट आडवी करून झोपणं, डॅशबोर्डवर पाय टाकणं, जाड जॅकेट, ढिला पट्टा, सगळ्याने ते वाढतं. यातून कण्याचं एक ठराविक फ्रॅक्चर होतं, मणका आडवा फाटल्यासारखा, बहुतेक पाठ आणि कंबर जिथे मिळते तिथे. १९४८ मध्ये चान्स नावाच्या रेडिओलॉजिस्टने वर्णन केलं म्हणून चान्स फ्रॅक्चर.

डॉक्टर मंडळींसाठी हे कळकळीने सांगतो: पोटावर बेल्टचा काळानिळा पट्टा दिसला तर आतडं आणि कणा दोन्ही शोधा, एक सापडलं म्हणून दुसरं सोडू नका, कारण पहिल्या काही तासांत पोट मऊ असू शकतं.

११. एअरबॅग उघडली नाही म्हणजे गाडीत दोष होता ना?

तसंच असेल असं नाही. समोरच्या एअरबॅगा ठराविक मंदनाच्या वरच उघडतात, घट्ट भिंतीवर बेल्टशिवाय साधारण ताशी १६ ते १९ किमीने आदळल्यासारखा धक्का लागतो, बेल्ट लावलेला असेल तर बऱ्याच गाड्यांत ती रेषा थोडी वर ठेवलेली असते. मागून धडक, गाडी उलटणं, ट्रकच्या खाली घुसणं, खांब कडेला लागणं, यात पत्रं भयानक चेपलेलं दिसतं तरी समोरची बॅग न उघडणं बरोबर असू शकतं. पत्र्याकडे बघून सांगू नका, एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधला डेटा बघा, १४ नंबर.

आणि उघडल्यावर पण जखमा होतात. बॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, त्या वेळी छाती चिकटून असेल तर बॅगच मारते. छाती आणि स्टिअरिंगमध्ये २५ सेंटिमीटर जागा ठेवा म्हणतात ते यासाठीच.

१२. मागून हळूच धडक बसली, बंपरला ओरखडा सुद्धा नाही, आणि माणूस म्हणतो मान हलत नाही. खरं मानायचं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि यावर दोन्ही बाजूंनी घाईने लिहिलेले रिपोर्ट मी इतके बघितलेत की वाईट वाटतं.

आधी काय होतं ते. गाडी पुढे ढकलली जाते, सीट पाठीला पुढे ढकलते, पण डोकं अजून तिथेच असतं. पहिल्या साधारण १०० मिलिसेकंदांत मान इंग्रजी एस सारखी होते, खालचे मणके मागे वाकतात आणि वरचे पुढे. डोकं मागे झुकायच्या आधीच मानेतले छोटे सांधे दाबले-ताणले गेलेले असतात. म्हणून हेडरेस्ट डोक्याच्या जवळ आणि डोक्याच्या वरच्या कडेइतका उंच हवा, मानेला टेकलेला नाही.

आता बंपर. घट्ट बंपर चेपत नाही म्हणजे ऊर्जा पत्र्याने घेतली नाही, ती आत पोचली. त्यामुळे नुकसान नाही म्हणजे धक्का नाही, हे चूक. पण नुकसान नाही म्हणजे धक्का मोठाच होता, हेही चूक. दोन्ही गाड्यांचं वजन आणि बंपरची जात घेऊन डेल्टा-व्हीची वरची आणि खालची मर्यादा काढायची, मग हेडरेस्ट कुठे होता, माणूस वळून बघत होता का, त्याला धडक येताना दिसली होती का. स्वयंसेवकांवर केलेल्या हळू धडकांच्या चाचण्यांत बहुतेकांना काही झालं नाही हे खरं, पण ते बरेचसे तरुण, निरोगी, सरळ बसलेले आणि धक्का येणार हे माहीत असलेले लोक होते. तुमचा माणूस तसा आहे का ते आधी बघा.

माणूस खोटं बोलतोय की खरं, हे आपण लिहायचंच नाही. ते आपलं कामच नाही.

१३. सगळ्या मर्यादा पुरुष डमीच्या आहेत, मग बाई, म्हातारं माणूस, लहान मूल यांचं काय?

प्रश्न अगदी बरोबर. हायब्रिड थ्री, म्हणजे समोरच्या धडकेच्या चाचण्यांतली नेहमीची पुरुष डमी, १९७६ मधली, वजन साधारण ७८ किलो. छोट्या बाईची म्हणून जी डमी वापरतात ती साधारण ४९ किलोची, बराचसा तोच सांगाडा लहान केलेला. मागून बसलेल्या धडकेत बायकांना मानेची दुखापत जास्त होते हे कितीतरी वर्षांपासून माहीत आहे, तरी सरासरी बाईच्या मापाची, मागच्या धडकेसाठी बनवलेली डमी स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या टीमने २०२२ मध्ये दाखवली.

वय झालं की बरगड्या लवकर तुटतात. पंचविशीतल्या माणसाच्या छातीवर बेल्टचा नुसता वळ उठतो त्याच जोरात सत्तरीत चार-पाच बरगड्या जाऊ शकतात. मुलांचं उलटं, बरगड्या लवचिक, वाकतात आणि परत जागेवर येतात, फुप्फुस मात्र चिरडलेलं, एक्सरेत एकही फ्रॅक्चर नाही. डोकं अंगाच्या मानाने मोठं, मान बारीक, आणि कमरेच्या हाडाची पुढची टोकं अजून तयार झालेली नाहीत, त्यामुळे मोठ्यांचा बेल्ट सरळ पोटावर चढतो. रिपोर्टमध्ये डमीची मर्यादा वापरली असेल तर कोणती डमी आणि हा माणूस तिच्यापासून किती वेगळा, एवढं लिहाच.

१४. आता गाडीत ईडीआर असतो, सगळं रेकॉर्ड होतं. आपली गरज काय?

ईडीआर, म्हणजे गाडीतला धडकेची नोंद ठेवणारा इव्हेंट डेटा रेकॉर्डर, धडकेच्या आधीचे काही सेकंद देतो, अमेरिकन नियमात बरीच वर्षं ५ सेकंद होते: स्पीड, ब्रेक, ॲक्सिलरेटर, बेल्ट, आणि धडकेतला डेल्टा-व्ही. फार मोठी मदत आहे. पण ती पहिल्या धडकेची नोंद. माणूस कुठे आपटला हे त्यात नसतं.

आणि त्यालाही तपासून घ्यायचं. ब्रेक मारून चाकं लॉक झाली असतील तर चाकावरून घेतलेला स्पीड खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. रस्त्यावरच्या घसरणीच्या खुणेशी ताळा करा: २५४ गुणिले घर्षण गुणिले मीटरमधलं अंतर, त्याचं वर्गमूळ म्हणजे ताशी किमी. घर्षण ०.७ आणि खूण २० मीटर तर साधारण ६०, आणि खुणेच्या शेवटी गाडी थांबली नसेल, आदळली असेल, तर वेग याच्यापेक्षा जास्तच होता.

१५. पादचारी आणि टूव्हीलर पण शिकवता का, की फक्त गाडीतले लोक?

शिकवतो. पादचाऱ्यात खालून वर जायचं: बंपर पायावर, बॉनेटची कड मांडी-पेल्व्हिसवर, डोकं बॉनेट किंवा काचेवर, आणि शेवटी रस्ता. नडगीचं फ्रॅक्चर टाचेपासून किती उंचीवर आहे ते मोजा, चपलेची जाडी धरून. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं, त्यामुळे बंपरच्या उंचीपेक्षा फ्रॅक्चर खाली सापडलं तर ब्रेक लागला होता याची ती एक खूण असते. पाचरीसारखा हाडाचा तुकडा निघाला असेल तर पाचरीची रुंद बाजू बहुतेक वेळा धडकेच्या बाजूला असते, पण एकट्या त्यावर दिशा ठरवू नका.

टूव्हीलरला डोकं आणि पाय तर आहेतच, शिवाय डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला फेकला गेला की हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा मानेतून उपटला जातो. हेल्मेट ताब्यात घ्या, आतला फोम कुठे चेपलाय ते बघा, वरून नुसते ओरखडे असतात पण फोम खरं सांगतो. हेल्मेटचा उपयोग मोटारसायकलवाल्यांच्या केसेसवरून मांडायला सुरुवात केली ती ब्रिटनमधल्या ह्यू केर्न्स या न्यूरोसर्जननी, १९४१ मध्ये.

१६. कोर्टात किती बोलायचं? वकील विचारतात "मग ही जखम याच अपघातात झाली का, हो की नाही?"

तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा. एक, धक्का किती आणि कुठल्या दिशेने. दोन, असा धक्का अशा प्रकारची जखम करू शकतो का. तीन, या माणसाला ती याच धडकेत झाली का. पहिल्या दोन बायोमेकॅनिक्सच्या. तिसरीसाठी निदान लागतं, जुने कागद लागतात, तपासणी लागते, म्हणजे डॉक्टर. इंजिनिअरने तिसरीवर पाय ठेवला की उलटतपासणीत तो तिथेच पडतो, आणि डॉक्टरने पहिलीवर, "गाडी ऐंशीला तरी असणार" असं म्हटलं की तोही.

पेशंटला आधीपासून मणक्याची झीज होती असं निघालं तरी हेच. झीज म्हणजे सहन करायची ताकद कमी, आधीच्या आणि नंतरच्या स्कॅनमध्ये काय नवीन आहे ते रेडिओलॉजिस्टला विचारा.

१७. दोघं गाडीबाहेर फेकले गेले, एक गेला, वाचलेला म्हणतो मी चालवत नव्हतो. जखमांवरून सांगता येतं?

बऱ्याचदा येतं, पण एका खुणेवर कधीच नाही. बेल्टचा वळ कोणत्या खांद्यावर आहे. बाजूच्या काचा फुटून बारीक चौकोनी तुकडे होतात, त्यांचे छोटे छोटे कोनेदार चिरे चेहऱ्याच्या कोणत्या बाजूला आहेत. पुढची काच वेगळी कापते, लांब आणि पातळ. पायताणाच्या तळाला पेडलचा ठसा आहे का. एअरबॅगवर कोणाचं रक्त, कोणाची लाळ. गाडी उलटली असेल तर सगळं जपून, कारण आतली माणसं जागा बदलतात.

१८. सर्टिफिकेट मिळाल्यावर मी एक्स्पर्ट झालो का? आणि पुढे कुठे शिकायचं?

सर्टिफिकेट म्हणजे तुम्ही शिकलात. एक्स्पर्ट होणं केसेसवर आणि तुमच्या मूळ शिक्षणावर आहे. जखमांचं कोडिंग करायचं असेल तर एएएएम ही संस्था एआयएसचे कोर्स आणि परीक्षा घेते. संशोधनाकडे जायचं असेल तर इर्कोबी आणि स्टॅप कॉन्फरन्सचे पेपर वाचायची सवय लावा, महिन्याला एक, पण नीट. त्यात मृतदेहांवरच्या चाचण्या येतील. देहदान केलेल्या लोकांमुळे आपल्याला हे आकडे माहीत आहेत, वर्गात त्यांच्याबद्दल आदराने बोलायचं, या एका बाबतीत मी कडक आहे.

१९. फोटो फार भयंकर असतात का? मला झेपेल का माहीत नाही.

काही असतात. आधी सांगूनच दाखवतो, बाहेर जायची मुभा असते, कोणी काही विचारत नाही. लहान मुलांच्या केसेस वेगळ्या सेशनला ठेवल्यात.

२०. सगळ्या जखमा जुळल्या, पण एक कशातच बसत नाही. काय करू?

आधी ती अपघातातली आहे का ते बघा. उरोस्थी (छातीच्या मधलं हाड) आणि पुढच्या बरगड्या दोन्ही बाजूंनी सारख्या तुटल्यात, बेल्टची तिरकी रेषा मात्र नाही, तर रस्त्यावर किंवा हॉस्पिटलमध्ये छाती दाबून सीपीआर दिला होता का ते ॲम्ब्युलन्सच्या कागदात शोधा. गाडीतून काढताना, कापताना काय झालं ते विचारा. मग दुसरी धडक शोधा, पहिल्या ठोकरीनंतर गाडी फिरून कठड्याला लागली होती का, तिची दिशा पूर्ण वेगळी असते. मग सैल वस्तू आणि माणसं: मागे बेल्टशिवाय बसलेला माणूस पुढच्याच्या सीटवर येऊन आदळतो, आणि पुढच्याची जखम मागून आलेली असते. डिकीतलं सामान, फायर एक्स्टिंग्विशर, लॅपटॉपची बॅग सुद्धा.

हे सगळं करूनही बसली नाही तर ती यादीतून गाळू नका आणि जबरदस्तीने कुठल्या डॅशबोर्डला चिकटवू पण नका. रिपोर्टमध्ये तिच्यापुढे "जखम कशी झाली हे निश्चित करता आलं नाही" लिहा, आणि त्याखाली काय काय तपासलं ते एकेक ओळीत.